उंदराच्या डोळ्यांसाठी हळहळता, मग स्वतःचे डोळे का जाळता?



उतारवयात डोळ्याचा पडदा मधोमध झिजला की चष्म्याने भागत नाही. अशांसाठी मूळपेशींपासून पडद्याच्या पेशी वाढवून डोळ्यात बसवायचे प्रयत्न चालू आहेत. जपानमध्ये कोबे शहरात २०१४ साली सत्तरीतल्या एका बाईंवर ही शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे बंगळूरची आयस्टेम कंपनी अशाच पेशींवर काम करते. पण माणसाआधी या पेशी उंदीर, ससे, माकडे यांच्या डोळ्यांत घालून पाहतात. पडदा आपोआप खराब होणारी उंदरांची एक जात त्यासाठी मुद्दाम पाळली जाते. शेवटी बहुतेक वेळा तो जीव मारूनच त्याचा डोळा तपासतात. उंदीरही आपल्यासारखाच पंचेंद्रिय.

हे ऐकून कोणी म्हणते, "महापाप! बंद करा." तीच रोज सकाळी बीपीची गोळी घेते, आणि ती गोळीही प्राण्यांवर तपासूनच आलेली असते. दुसरी म्हणते, "औषधासाठी इलाज नाही." तेही पूर्ण खरे नाही. प्राण्यांवरचे प्रयोग शक्य तिथे टाळावेत, असे आपला १९६० चा कायदाच सांगतो. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन, माणसाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींवरच्या चाचण्यांनाही जागा मिळाली. शिवाय माणसाची बारीक नजर ज्या मॅक्युलावर चालते, तो उंदराच्या डोळ्यात नसतोच!

म्हणजे संशोधकाला माणसाचा डोळा हवा आहे. दान केलेला डोळा दुसऱ्याला बसवण्याजोगा नसेल, तर संमती असल्यास तो संशोधनाला देता येतो. आणि इथेच आपली जीवदया अडते. पांजरापोळाची पावती हौसेने फाडणाऱ्या बायका नेत्रदानाचे नाव काढले की म्हणतात, "पुढच्या जन्मी आंधळी जन्मले तर?" अहो, शरीर पुद्गल आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो ना? आत्मा डोळे बरोबर नेत नाही. पुढचा देह कर्माप्रमाणे मिळतो, चितेत काय जाळले त्याप्रमाणे नाही.

एका नेत्रदानाने सगळे उंदीर सुटणार नाहीत, हे मलाही कळते. पण मी कॉमर्सची. जमेला थोडे तरी दिसले पाहिजे.

शहापूर-मुरबाडकडच्या भगिनींनी एक लक्षात ठेवावे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात आणि आपल्या गावांपर्यंत पथक यायला वेळ जातो. म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. घरच्यांना सांगून ठेवा: लगेच फोन करा, पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोके उशीवर थोडे उंच ठेवा. चष्मा, वय, मोतीबिंदूचे ऑपरेशन, काहीही आड येत नाही. "संशोधनासाठीही चालेल" हे वाक्य मुलांना आणि सुनांना स्पष्ट सांगा, कारण त्या वेळी सही त्यांनाच करायची असते.

पर्युषणात उपवास किती झाले हे आपण एकमेकींना विचारतोच. यंदा हेही विचारू या.

जय जिनेंद्र.