प्रौढांची लस आणि वैद्यांचे मौन

लसीकरण म्हटले की आपल्या चिकित्सालयात ते बालकांपुरते मर्यादित राहते. दहा वर्षे मधुमेहाने ग्रासलेला किंवा दर हिवाळ्यात श्वासाने बेजार होणारा रुग्ण समोर बसतो. आपण त्याचा अग्नी, कोष्ठ, निद्रा, व्यसने सारे विचारतो. इन्फ्लुएन्झाची वा न्यूमोकोकसची लस घेतली आहे काय, असे विचारणारे वैद्य मात्र विरळा. या मौनाचा अर्थ रुग्ण 'वैद्यांना लस मान्य नाही' असा लावतो आणि आपल्यापैकी काहींना त्याची खंतही वाटत नाही. हे योग्य नव्हे.

सर्व शरीरे सारखीच व्याधिक्षम नसतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २८व्या अध्यायात स्पष्ट केले आहे. रसायनचिकित्सेने बल वाढवावे. परंतु विशिष्ट रोगजंतूविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करणे हे लसीचे कार्य आहे. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

प्रश्न आपल्या स्वतःच्या देहाचाही आहे. सिरावेध, जलौकावचरण, क्षारसूत्र ही कर्मे करणाऱ्या वैद्याचा व परिचारकाचा रक्ताशी नित्य संबंध येतो. हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा ०, १ व ६ महिने या क्रमाने घ्याव्यात आणि अखेरच्या मात्रेनंतर १ ते २ महिन्यांत प्रतिपिंडांची चाचणी करावी. पंचकर्म केंद्रातील तैलांचा हिशेब चोख असतो. परिचारकाने घेतलेल्या मात्रांची नोंद बहुधा कोठेच नसते.

फार्मासिस्टने लस टोचावी काय, हा दुसरा वाद. इंग्लंडमध्ये २०१५ पासून औषधाच्या दुकानांतून शासकीय आरोग्यसेवेमार्फत इन्फ्लुएन्झाची लस दिली जाते. आपल्याकडेही कोविड मोहिमेच्या मार्गदर्शक सूचनांत लस टोचणाऱ्यांमध्ये फार्मासिस्टचा समावेश होता. तरीही 'हे अतिक्रमण आहे' असा सूर आपल्यातून उमटतो. (हाच शब्द आपल्याविरुद्ध वापरला जातो तेव्हा तो किती झोंबतो!) खरा आक्षेप अधिकाराचा नसून व्यवस्थेचा असावा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली काय, टोचल्यावर रुग्णाला अर्धा तास बसविले काय, तीव्र प्रतिक्रिया आल्यास अ‍ॅड्रेनलिन हाताशी आहे काय आणि ते देण्याचे प्रशिक्षण झाले आहे काय? हे सारे असेल, तर तालुक्याच्या गावी रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे दुकान रुग्णाच्या सोयीचेच ठरेल.

तसा निर्णय शासनाने घ्यावयाचा आहे. रुग्णाला विचारणे मात्र आजही आपल्याच हाती आहे. केसपेपरवर पूर्ववृत्ताच्या रकान्यात लसींसाठी एक ओळ छापून घ्यावी. जुने कागद संपेपर्यंत ती हाताने लिहावी.