बंदूक घ्यावी, करावी, की बदलावी?

कोकणातला शेतकरी पूर्वी पावसाच्या नावाने बोटे मोडत असे. आता तो डुकराच्या आणि माकडाच्या नावाने मोडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्यात जा, तक्रार एकच. मालवण-वेंगुर्ल्याच्या माडांवर माकडे चढतात आणि कोवळे नारळ खाली टाकून मोकळी होतात. देवगडच्या कलमांना फळ धरले, की टोळ्या हजर. भाताच्या मळ्यात रात्री डुकरांचा कळप शिरला, तर सकाळी मालकाला नांगर फिरल्यासारखी जमीन पाहावी लागते. घाटाच्या पायथ्याला गवे उतरतात, आणि दोडामार्ग तालुक्यात २००२ सालापासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी केळीच्या आणि माडांच्या बागांना जे ग्रहण लावले, ते अजून पुरते सुटलेले नाही.

साहजिकच बाजारच्या दिवशी हॉटेलात चहाचे कप समोर आले, की बोलणे बंदुकीवर येते. आणि मग तो प्रश्न येतो, जो मी गेली काही वर्षे निरनिराळ्या तोंडांतून ऐकतो आहे: "बंदूक इकत घेव, करून घेव, की आसा तीच बदलून घेव?" हल्ली त्याला नवी पुरवणी जोडली गेली आहे. मुंबईहून गावी परतलेली तरुण मुले मोबाईलवर अमेरिकेतल्या शेतकऱ्याची रायफल पाहतात. दर वेळी घोडा ओढला की एक गोळी, आणि पुढची गोळी आपोआप नळीत. या अर्धस्वयंचलित रायफलीने तो माणूस एका दमात पाच-सात डुकरे लोळवतो. मग आपल्यालाच ती का नको, असे ही मुले विचारतात.

विचारणारा गुंड नसतो. वर्षभराचे पीक एका रात्रीत गेलेला तो गृहस्थ असतो. म्हणून त्याला हसून वाटेला लावणे बरे नव्हे. त्याच्या तिन्ही वाटा नीट तपासून पाहायला हव्यात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडचा शस्त्र कायदा १९५९ सालचा. तो शेतकऱ्याला विसरलेला नाही, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक देण्याची तरतूद त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट शब्दांत आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही, अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर वीस इंचांहून कमी नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली नेहमीची छऱ्याच्या काडतुसाची एकनळी किंवा दुनळी, तो देऊ शकतो. कायद्याने शेतकऱ्यासाठी अशी दोन पायऱ्यांची शिडी ठेवली आहे.

अर्धस्वयंचलित रायफल या शिडीवर नाही. शस्त्र नियमांतल्या पहिल्या, म्हणजे निषिद्ध गटात तिची गणना होते. नेमबाज खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत, पण काजूच्या बागेच्या राखणीसाठी जिल्हाधिकारी असा परवाना देऊ शकत नाहीत. २०१९ साली कायदा आणखी कडक झाला. एका माणसाकडे पूर्वी तीन बंदुका राहू शकत, त्या दोनवर आल्या, आणि शिक्षा वाढल्या. तेव्हा 'रायफल की बंदूक' हा वाद कायद्यापुरता संपलेलाच आहे. तरीही तिन्ही वाटांचे आकर्षण संपत नाही, म्हणून पुढे जाऊ.

करून घेण्याची वाट

गावठी बंदूक कोकणाला नवी नाही. कुठल्या तरी वाडीत कुणी तरी हुन्नरी माणूस असतो, आणि तो 'करून देतो'. परवान्याची फेरी नाही, तालुक्याला खेटे नाहीत, आणि पैसेही कमी. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बंदुकीच्या नळीची दाबाची चाचणी झालेली असते. या नळीची चाचणी घेणारा पहिला माणूस म्हणजे ती खांद्याला लावणारा शेतकरी. नळी फुटली तर डोळा किंवा हात जातो, आणि दवाखान्यात खरे कारण सांगायची चोरी. पकडले गेल्यास विनापरवाना बंदूक बनवण्याला आज किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. डुकराने खाल्लेल्या भातासाठी ही किंमत कुणी मोजावी?

आणि घरी बनवलेले शस्त्र घरच्या कामापुरतेच राहते, असेही नाही. जपानसारख्या बंदुकांबाबत अत्यंत कडक असलेल्या देशात ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, ती घरी जोडलेल्या बंदुकीने. अमेरिकेत सुटे भाग मागवून घरी रायफल जोडण्याची प्रथा इतकी वाढली, की क्रमांक नसलेल्या या बंदुकांना तिथे भुताची बंदूक म्हणू लागले. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा संचांना बंदुकीचे नियम लावण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. बंदूक बाळगणे हा मूलभूत हक्क मानणाऱ्या देशाची ही गोष्ट आहे.

बदलून घेण्याची वाट

ही वाट सर्वांत निरुपद्रवी वाटते. आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक घरात आहे, परवानाही आहे. मग तिच्यात काडतूस बसेल अशी सोय केली तर काय बिघडले? लोखंड तेच, मालक तोच. पण कायदा परवाना देतो तो बंदुकीच्या प्रकाराला. नळी आखूड करणे पूर्वीपासून गुन्हा होताच; २०१९ च्या दुरुस्तीने एका गटातली बंदूक दुसऱ्या गटात बदलणे हेही त्यात स्पष्टपणे घातले. कागद जुन्या बंदुकीचा आणि हातात बंदूक नवी, म्हणजे तो कागद असून नसल्यासारखाच.

हा बारकावा वकिली वाटेल, पण त्याची किंमत न्यूझीलंडने मोजली आहे. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चमधल्या मशिदींत ५१ माणसे मारली गेली. मारेकऱ्याने अर्धस्वयंचलित बंदुका साध्या परवान्यावर रीतसर खरेदी केल्या होत्या. त्यांना जास्त गोळ्यांची मॅगझिने जोडताच त्या वेगळ्या, कडक परवान्याच्या गटात जात होत्या; पण जोडायला त्याला कुणी अडवले नाही. खरेदी कायदेशीर होती, घात केला तो बदलाने. महिनाभरात त्या देशाने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली.

विकत घेण्याची वाट

विकत घेण्याच्या वाटा दोन: एक चोरट्या मालाची, दुसरी सरळ. पहिलीबद्दल कोकण किनाऱ्याला वेगळे सांगायला नको. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, शस्त्रे आणि स्फोटके उतरली, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे गेली. त्याच प्रकरणातल्या एका रायफलीपायी अभिनेता संजय दत्त यांना, दहशतवादाच्या आरोपातून सुटूनही, केवळ शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती पाच वर्षांवर कायम केली. बचाव होता घरच्यांच्या रक्षणाचा. हेतू घराच्या रक्षणाचा असला, तरी बेकायदा बंदूक कायदेशीर होत नाही, एवढा धडा त्यातून आपण घ्यावा.

दुसरी वाट सरळ आहे, पण लांब आहे. अर्ज, पोलिसांचा अहवाल, बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण, जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझ्या परिचयाच्या एका बागायतदाराने शेवटी कंटाळून अर्जाचा नाद सोडला. त्याची बाग तशीच आहे, डुकरेही तशीच आहेत. परवाना मिळालेल्यांची आणखी एक तक्रार असते. निवडणूक आली, की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. २०२४ साली लोकसभेसाठी आपल्याकडे ७ मे रोजी मतदान झाले, म्हणजे आंबा-काजूचा ऐन हंगाम. विधानसभेचे २० नोव्हेंबरला, म्हणजे भाताच्या कापणीच्या मागोमाग. बंदुका सरसकट जमा करू नयेत, छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ सालीच सांगितले आहे. ज्याच्यावर साधा गुन्हाही नाही, त्या शेतकऱ्याला हंगामात निःशस्त्र करून कोणती शांतता राखली जाते?

परवाना बंदुकीचा, शिकारीचा नव्हे

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. बंदुकीचा परवाना असला, म्हणजे जनावर मारण्याचा परवाना मिळाला असे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, आणि त्याच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते उभ्या पिकाला घातक ठरले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. गवा आणि हत्ती पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे पिकाचे नुकसान हे कारणच चालत नाही, माणसाच्या जिवाला धोका असावा लागतो. म्हणजे गव्याने मळा तुडवला, तर हातातली बंदूक कितीही भारी असो, ती हवेत उडवण्यापलीकडे उपयोगाची नाही.

आता रायफलीचा हिशेब करून पाहा. आपल्या वाड्या विखुरलेल्या. एका बागेच्या गडग्यापलीकडे दुसऱ्याचे घर, मागच्या पाणंदीने दूधवाला जातो, पहाटे कुणी काजूच्या बिया वेचायला निघतो. छऱ्यांचा जोर थोड्या अंतरात ओसरतो. रायफलीची गोळी मैलभर जाऊ शकते. काळोखात झुडूप हलले म्हणून बार टाकला, आणि डुकराऐवजी सोबतचाच माणूस पडला, अशा बातम्या कोकणातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. एका गोळीच्या बंदुकीने हे होते, तर आपोआप भरणाऱ्या रायफलीने काय होईल? दुसरी गोळी भरायला लागणारा वेळ हाच पुष्कळदा माणसाला भानावर आणतो.

मग शेतकऱ्याने करायचे काय?

बंदुका काढून घेणाऱ्या देशांनी या प्रश्नाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. त्यानंतर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. पण ज्याला शेतीसाठी खरीच गरज आहे, त्याच्यासाठी एक मर्यादित गट राखून ठेवला. हलक्या दर्जाची, दहाहून अधिक गोळ्या न मावणारी बंदूक, तीही गरज सिद्ध केल्यावर. बंदी घातली, पण शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडले नाही.

आपल्याला तिथली बंदूक नको, तिथली वृत्ती हवी. तिचा नमुना जवळही आहे. केरळ सरकारने २०२२ साली स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले. उपद्रवी रानडुकराबद्दल तक्रार आली, की ग्रामपंचायतीचा अध्यक्ष परवानाधारक बंदूकधाऱ्याला ते मारण्याचा आदेश देऊ शकतो. विष, स्फोटके, विजेच्या तारा यांना मनाई. शेकडो बंदुका वाटण्याऐवजी मोजक्या, ओळखीच्या, शिकलेल्या हातांत काम गेले.

सिंधुदुर्गातही हे करता येईल. दर चार-पाच गावांमागे प्रशिक्षित परवानाधारकांचे एक पथक असावे, वनखात्याची परवानगी तालुक्यालाच आणि ठरल्या दिवसांत मिळावी, आणि निवडणुकीत या पथकाच्या बंदुका छाननी करून त्यांच्याकडेच ठेवाव्यात. पीक संरक्षणाच्या अर्जावर होय किंवा नाही, जे असेल ते मुदतीत कळवावे. गवा आणि हत्ती यांच्यापुढे बंदूक चालत नाही. तिथे पंचनामा लवकर व्हावा आणि भरपाई पुढचे बियाणे घेण्याआधी हातात पडावी. हे न झाल्यास लोक गावठी बंदुकीकडे आणि फासकीकडे वळत राहतील, आणि फासकीत डुकराबरोबर बिबट्याही अडकत राहील.

त्या तीन वाटांतली कुठली धरावी, असे मला विचाराल तर उत्तर सरळ आहे. करून घेऊ नये, बदलून घेऊ नये. घ्यायची तर परवान्याने, साधी, एकनळी घ्यावी, आणि झाडण्याआधी वनखात्याचा कागद खिशात असावा. मात्र हे सांगण्याचा हक्क समाजाला तेव्हाच पोहोचतो, जेव्हा सरळ वाट आडवाटेपेक्षा फार लांब नसते. आज ती फारच लांब आहे. ती आखूड करणे हे जिल्हाधिकारी कार्यालयाचे, वनखात्याचे आणि आपण निवडून दिलेल्यांचे काम आहे. पुढच्या ग्रामसभेत ते त्यांच्याकडून लेखी मागायला हरकत नाही.