हयातीचा दाखला

2024 सालची दिवाळी आटोपली, डब्याच्या तळाशी चिवड्यातले उरलेसुरले शेंगदाणे तेवढे राहिले आणि मला आठवण झाली, की आपण जिवंत असल्याचं बँकेला कळवायचं आहे. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. वर्षातून एकदा जाऊन ‘मी अजून आहे’ असं सांगायचं, तरच पुढचं पेन्शन सुरू राहतं. मी स्वतः छत्तीस वर्षं बँकेत काढली. 1981 साली कॅशमध्ये नोटा मोजायला बसलो, 2017 साली साहेब होऊन बाहेर पडलो. त्यामुळे हयातीचे दाखले घेण्याचा मला भरपूर अनुभव. देण्याचा सराव मात्र अजून व्हायचा आहे.

घराजवळच्या शाखेत गेलो. काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी होती. गोड बोलणारी, कामाखाली दबलेली. तिने काडेपेटीएवढं एक यंत्र पुढे सरकवलं. “काका, उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवा.” ठेवलं. यंत्राने लाल दिवा दाखवला. “जरा पुसून ठेवा.” पुसून ठेवलं. “दाबून ठेवा.” दाबलं. “इतकं दाबू नका.” मग मधलं, अनामिका, अंगठा, दुसरा हात. दहाही बोटं संपली. पायाच्या बोटांकडे माझी नजर जाते न जाते तोच ती म्हणाली, “तुमचं येत नाहीये, काका. उद्या परत या. कधी कधी सकाळी येतं.”

मागे रांगेत दहाबारा समवयस्क उभे होते. त्यांतल्या एकाने सल्ला दिला, खोबरेल लावून या. दुसऱ्याने सांगितलं, अजिबात तेल लावू नका, लिंबू चोळा. मी दोन्ही सल्ले घेऊन घरी आलो.

दाराशी मोती पडला होता. आमचा मोती गावठी कुत्रा, वय वर्षं तेरा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नाव सार्थ केलंन म्हणायचं! त्याला आता पायातला पायही दिसत नाही. पण मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असतानाच त्याची शेपटी जमिनीवर आपटायला लागली. जवळ आलो तेव्हा त्याने नाक माझ्या तळहातात खुपसलं, एकदा हुंगलं आणि खात्री पटल्यासारखी मान पुन्हा पायांवर टेकली. ज्या बोटांना यंत्राने नाकारलं होतं, तीच ही बोटं. मोतीचंही एक पासबुक आहे बरं का. लशींच्या नोंदींचं. त्यावर तो तीन महिन्यांचा असतानाचा फोटो चिकटवलेला आहे. त्या फोटोतलं पिल्लू आणि आजचा हा म्हातारा यांच्यात काडीचं साम्य उरलेलं नाही. पण डॉक्टरांनी आजवर कधी म्हटलं नाही, की हा तो नव्हे, उद्या सकाळी आणून बघा.

बोट का उमटत नाही, याला कारण आहे. वय वाढलं की कातडी कोरडी पडते, सैल होते, बोटांवरच्या रेषा झिजतात. सिमेंटात काम केलेल्या गवंड्याच्या, जन्मभर भांडी घासलेल्या बाईच्या रेषा तर त्याआधीच पुसट होतात. माझ्या रेषा ओल्या स्पंजला बोट लावून नोटा मोजण्यात गेल्या असाव्यात, असा माझा एक आवडता समज आहे. बँकेनेच झिजवल्या आणि आता बँकच विचारते, कुठे गेल्या?

गंमत म्हणजे पेन्शनराच्या बोटाचा हा खटाटोप आपल्याच देशात सुरू झाला. विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी बंगालमध्ये होता. 1858 साली जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाचा करार केला आणि पुढे त्याने तो नाकारू नये म्हणून करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे 1877 साली हुगळीला असताना त्याने पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने दुसराच कुणी पैसे उचलत राही, ते थांबावं म्हणून. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी बोट आलं ते मेलेल्याला जिवंत होऊ न देण्यासाठी. जिवंत माणसाला मेलेला ठरवणं त्या साहेबाच्या मनातही नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. नाही आलं. मग घरून ग्राहक सेवेचा नंबर फिरवला. मराठीसाठी तीन दाबा. पेन्शनसाठी पाच दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अठरा मिनिटं सनई ऐकली. एरवी मला सनई आवडते. शेवटी एका तरुणाने फोन घेतला आणि विचारलं, “सर, आपलं बोट आता आपल्याजवळ आहे का?” मी फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्या मुलीचा मला राग आला नाही. येऊ शकला नाही. कारण ‘उद्या या’ हे वाक्य मी ओळखतो. ते माझंच आहे.

1993 सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा शाखेत मी मॅनेजर होतो. आदल्या वर्षी शेअर घोटाळा उघडकीस आला होता आणि बँकेतला प्रत्येक माणूस सहीला विंचवासारखा भिऊ लागला होता. आमच्या शाखेत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक यायचे. गुरुजीच म्हणायचे सगळे. आसपासच्या चार वाड्यांतल्या दोन पिढ्यांना त्यांनी मुळाक्षरं गिरवायला लावली होती. माझा मुलगा गोवराने आजारी होता तेव्हा बरोबर आठ दिवसांनी येऊन ‘बाळ कसा आहे?’ असं विचारून गेले होते. त्या दिवशी ते बाराशे रुपये काढायला आले. हाताला कंप सुरू झाला होता. स्लिपवरची सही कार्डावरच्या सहीशी जुळेना. दुसरी स्लिप दिली, तिसरी दिली. प्रत्येक वेळी सही आधीपेक्षा वाकडी. क्लार्कने स्लिपा माझ्याकडे आणल्या. काचेपलीकडे गुरुजी उभे होते, मला दिसत होते. मी त्यांना ओळखत होतो, तेही मला ओळखत होते. मी बाहेर येऊन म्हणालो, “गुरुजी, नियम आहे. सही जुळत नसेल तर अंगठ्याचं खातं करून घ्यावं लागेल. फोटो आणा, अर्ज करा.”

ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. एसटीने परत गेले. दोन दिवसांनी फोटो काढून आले. आमच्या शिपायाने त्यांचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला, मग कार्डावर. तो शिपाई त्यांच्याच शाळेत सही करायला शिकलेला. गुरुजींनी अंगठ्याकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, “साहेब, शाई पुसायला काही कापड आहे का?”

मी काय करू शकलो असतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माझ्या समोर सही घेऊन, मी या गृहस्थांना ओळखतो असं लिहून, खाली माझी सही करता आली असती. तेवढा अधिकार मॅनेजरला होता. केलं असतं तर तपासणीत एखादा शेरा आला असता, त्याला मी उत्तर दिलं असतं. मी ते केलं नाही, कारण नियम दाखवला की आपल्यावर काही येत नाही. माणूस ओळखला की जबाबदारी येते. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत मी बरेच नियम वाकवले. त्यातला निम्मा वाकडेपणा गुरुजींच्या त्या सहीचाच असेल.

म्हणून यंत्रावर खापर फोडणाऱ्या माझ्या समवयस्कांशी माझं पटत नाही. 1993 साली माझ्या शाखेत यंत्र नव्हतं. लेजर होतं, टाक होता, पितळी टोकन होतं आणि समोर ओळखीचा माणूस होता. तरीही मी लाल दिवाच दाखवला. उलट आजच्या व्यवस्थेने पुष्कळ वाटा उघड्या ठेवल्या आहेत. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं. बोट नाही तर डोळ्यांतली बुबुळं चालतात, 2021 पासून चेहराही चालतो आणि काहीच जमलं नाही तर अधिकाऱ्याच्या सहीचा साधा कागदी दाखला आहेच. रिझर्व्ह बँकेच्या सूचना तर इतक्या समंजस आहेत, की अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराला हाताचा अंगठा उमटवता येत नसेल तर पायाचा चालतो. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. म्हणजे तो माणूस घरी जाणार, पलंगाशी उभा राहणार, हे गृहीत धरलेलं आहे. हे सगळं काउंटरवरच्या मुलीला कुणी शिकवलंय का, आणि तिने स्वतःच्या अकलेने एखाद्याचं काम केलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं? बँकांच्या वरिष्ठांनी दर ऑक्टोबरमध्ये या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. लाल दिव्यानंतर काय करायचं, याचा एक कागद प्रत्येक काउंटरवर चिकटवला तरी पुष्कळ होईल.

त्याच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. एरवी सोसायटीच्या फाटकाकडे न फिरकणारी मंडळी हात जोडून जिने चढत होती. एका कार्यकर्त्याजवळ माझं नाव, वय, यादीतला क्रमांक, सगळं छापील. मी जिवंत असल्याबद्दल कुठल्याच पक्षाला शंका नव्हती. त्यांना शेजारच्या अण्णांबद्दलही शंका नव्हती. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांची चिठ्ठी आलीच. मी मनात म्हटलं, बँकेत माझं नाव उडतंय आणि यादीत अण्णा ठणठणीत आहेत. दोन्ही खात्यांनी एकदा समोरासमोर बसावं.

20 नोव्हेंबरला मतदान केलं. तिथे माझी डावी तर्जनी पुढे घेतली, नीट निरखून पाहिली आणि तिच्यावर शाईची रेघ ओढली. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली, 1962 पासून निवडणुकीत चालत आलेली ही शाई. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळं होत जातं आणि दिवसेंदिवस निघत नाही. ‘येत नाहीये’ असं त्या बोटाला कुणी म्हणालं नाही.

दाखल्याचं काम शेवटी सूनबाईने केलं. फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, “बाबा, डोळे मिचकावा.” मिचकावले. झालं! दोन मिनिटांत मी जिवंत. एवढ्यासाठी दोन हेलपाटे घातले होते.

पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या. यजमान आमच्याच बँकेतले, त्यांचं कुटुंब पेन्शन आजींना मिळतं. त्यांच्याकडे असा फोन नाही आणि सुनेच्या फोनसमोर मान काही केल्या स्थिर राहीना. महिनाअखेरीला त्यांना रिक्षात घालून मी त्याच शाखेत गेलो. बोट आलं नाहीच. मी कागदी दाखल्याचं सांगितलं. मुलीने आत जाऊन विचारलं, बऱ्याच वेळाने एक छापील अर्ज शोधून आणला आणि तो घेऊन काउंटरबाहेर आली. आजींच्या बाकावर शेजारी बसली, नाव-नंबर स्वतः लिहिलं, सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. सही अर्थातच थरथरली. मुलीने ती पाहिली, काही बोलली नाही, आत जाऊन मॅनेजरची सही घेऊन आली.

“पुढच्या वर्षी परत यायचं का गं?” आजींनी विचारलं.

“हो आजी, दर नोव्हेंबरला.”

“आणि मी नसले तर?”

मुलगी गडबडली. माझ्याकडे बघायला लागली. आजीच पिशवी आवरत म्हणाल्या, “तर येणार नाही. एवढं आत्ताच लिहून ठेव हो.”