घरच्या घरीं : फुटलेलें तावदान

घरांतील ज्या कामांस कोणी धनी नसतो अशा कामांची यादी करूं गेल्यास तींत फुटलेल्या तावदानास बरेंच वरचें स्थान द्यावें लागेल. गळकी तोटी रात्रीं झोंप मोडते, म्हणून तिची दाद लौकर लागते; दिवा गेला तर अंधार सर्वांसच होतो. परंतु तावदान फुटलें कीं कोणी तरी त्यावर जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा ठोकतें, आणि मग तो पुठ्ठा म्हणजेच तावदान असें घरची मंडळी धरून चालतात. पुण्याच्या एक वाचकभगिनी आम्हांस लिहितात कीं, त्यांच्या जुन्या घराच्या मधल्या खोलींतील तावदान दिवाळींत फुटलें. घरांत कर्ते पुरुष चार. चौघेही "सुताराला सांगतों" असें म्हणतात. सुतार कांहीं अद्याप आलेला नाहीं. त्या खिडकीखालीं त्यांच्या सासूबाईंचा पलंग आहे, सासूबाईंचें वय ८४, आणि पावसाळा आतां पंधरा दिवसांवर आला. हें काम घरच्या बायकामाणसांस करतां येण्यासारखें आहे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

करतां येण्यासारखें आहे. मात्र कोणत्या खिडकीचें, हें आधीं पाहिलें पाहिजे. लाकडी चौकटीचें, लांबी भरून अथवा बारीक पट्टी मारून बसविलेलें, दीड-दोन फुटांहून मोठें नसलेलें आणि जमिनीवर उभें राहून हात पोंचेल असें तावदान कोणीही समजूतदार माणूस अर्ध्या दिवसांत बसवूं शकेल. खिडकी वरच्या मजल्यावरची असेल आणि खालीं रहदारी असेल, तर कवाड बिजागरीवरून उतरवून आंत आणावें व जमिनीवर ठेवून काम करावें. तें उतरत नसेल तर कारागीरच बोलवावा. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर कांच पडण्याचा जेथें संभव आहे, तेथें हौस आणि काटकसर या दोहोंसही जागा नाहीं. हल्लींच्या इमारतींतील ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत कांच रबराच्या पट्टींत धरलेली असते आणि चौकट उकलूनच ती बदलावी लागते. त्यांचा विचार येथें करीत नाहीं.

पहिलें काम फुटकी कांच काढण्याचें, आणि अपघात होतात ते बहुतेक याच वेळीं. आपल्या घरांत सर्वच माणसें अनवाणी वावरतात, हें ध्यानांत ठेवून मुलांस व वृद्धांस दुसऱ्या खोलींत बसवावें. पलंग सरकवून गादी उचलून न्यावी. कापसाच्या गादींत शिरलेली कपची पुन्हा सांपडत नाहीं. खिडकीच्या आंत व बाहेर जुनी चादर पसरावी. पायांत बंद बूट, हातांत कातडी मोजे, डोळ्यांवर चष्मा एवढें तरी असावें. स्वयंपाकघरांतील फडकें हाताला गुंडाळून भागत नाहीं. कांच तडकलेली परंतु जागेवर उभी असेल, तर तिच्यावर दोन्ही बाजूंनीं चिकटपट्टीचें जाळें करावें. दुसऱ्या महायुद्धांत हवाई हल्ल्याच्या भीतीनें शहरांतून कांचांवर अशाच कागदी पट्ट्या चिकटवीत. अशा पट्टीनें कांच फुटायची राहत नाहीं, फुटलेले तुकडे तेवढे एकमेकांस धरून राहतात आणि अंगावर उडत नाहींत. मुंबईच्या गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचे स्फोट झाले, तेव्हां कित्येक मैलांवरच्या घरांच्या कांचा फुटल्या. उडालेली कांच काय करते हें त्या पिढीस कोणी समजावून सांगावें लागत नव्हतें.

तुकडे काढावयाचे ते नेहमीं वरून खालीं. खालचा तुकडा आधीं काढला तर वरच्याचा आधार जातो आणि तो सुरीसारखा सरळ मनगटावर उतरतो. नंतर पटाशीनें खांचेंतील जुनी लांबी खरवडावी आणि लपलेल्या चुका पक्कडीनें उपटाव्या. जुनी लांबी दगडासारखी झालेली असते. घाई केली कीं पटाशी लाकडांत शिरते. चौकटीचा रंग जुना असेल तर तो कोरडा घांसूं नये, पाण्यानें भिजवून मगच खरवडावा. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर दहा लाख भागांस ९० भाग अशी मर्यादा आपल्या देशांत २०१७ सालीं लागू झाली. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें याहून पुष्कळ अधिक असूं शकतें आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक आहे.

जमिनीवरचा चुरा झाडूनें गोळा होतो, परंतु सगळा होत नाहीं. ओल्या वर्तमानपत्राचा बोळा फरशीवरून टिपत न्यावा, किंवा मळलेल्या कणकेचा गोळा दाबत फिरवावा. डोळ्यांस न दिसणाऱ्या कपच्या त्यांत रुततात. संध्याकाळीं खोलींत अंधार करून विजेरी जमिनीलगत आडवी धरली तर राहिलेले कण चमकून आपली जागा स्वतःच सांगतात. तो कणकेचा गोळा मात्र गाईस घालण्याच्या संवयीनें बाहेर ठेवूं नये. आमच्या घरांतून अन्न वाया जाऊं न देण्याची शिकवण इतकी मुरलेली आहे कीं हें मुद्दाम लिहावेंसें वाटलें.

आणखी एका माणसाचा विचार येथेंच केला पाहिजे. आपल्या दारावरून कचरा नेणाऱ्या बाई तो हातांनीं निवडतात. फुटकी कांच पिशवींत टाकून पिशवी डब्यांत लोटली, कीं आपल्या घरचें संकट टळून त्यांच्या तळहातांत जातें. तुकडे वर्तमानपत्राच्या जाड घड्यांत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालावे, खोकें दोरीनें बांधावें, वर मोठ्या अक्षरांत 'फुटकी कांच' असें लिहावें, आणि इतकें करूनही तें त्यांच्या हातीं देतांना तोंडानें सांगावें. घरांतील ज्या मुलाच्या चेंडूनें कांच फुटली असेल त्यास हें सांगण्यास पाठवावें. रागें भरण्यापेक्षां आम्हांस हा मार्ग बरा वाटतो.

आतां मोजमाप. जुन्या चौकटी काटकोनांत क्वचितच असतात. लाकूड साठ-सत्तर पावसाळे फुगून आटलेलें असतें. म्हणून खांचेची रुंदी वर, मध्यें व खालीं अशी तीन ठिकाणीं मोजावी, उंचीही तशीच तीन ठिकाणीं, आणि प्रत्येकींतील सर्वांत लहान माप धरावें. नंतर समोरासमोरचे कोंपरे जोडणारीं दोन्ही तिरपीं मापें घ्यावीं. तीं सारखीं नसतील तर पुठ्ठा कापून खांचेंत बरोबर बसेपर्यंत तासावा आणि तोच दुकानदारास द्यावा. मापांतून दोन्ही बाजू मिळून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग अथवा सुमारें तीन मिलिमीटर, कमी करावें. खांच १४ इंच बाय १८ इंच असेल तर कांच त्या दोन्ही मापांस एकेक सूत कमी. हें सूत पुष्कळांस फुकट गेल्यासारखें वाटतें. परंतु पावसाळ्यांत लाकूड फुगलें कीं घट्ट बसविलेली कांच त्या दाबानें तडकते, आणि मग दोष मात्र कांचेस दिला जातो.

कांच कोणती घ्यावी? लहान तावदानास चार मिलिमीटर जाडीची साधी कांच पुरे. जुन्या खिडक्यांतील कांचा पुष्कळदां दोन मिलिमीटरच्याच असतात, तेव्हां खांच किती खोल आहे हें पाहून घ्यावें. कांच बसून वर लांबीस जागा उरली पाहिजे. जुनी कांच आणि नवी कांच शेजारीं शेजारीं बसविल्यास फरकही दिसेल. जुन्या कांचेंतून पाहिलें तर अंगणांतील झाड किंचित् हलल्यासारखें, पाण्यांतून पाहिल्यासारखें दिसतें. ती कांच वितळलेल्या रसांतून वर ओढून, किंवा त्याहूनही पूर्वीं फुंकून नळा करून मग उलगडून बनविलेली असे. वितळलेल्या कथलावर कांच तरंगवून आरशासारखी सपाट करण्याची रीत इंग्लंडांतील पिल्किंग्टन यांनीं १९५९ सालीं जाहीर केली, आणि आज बाजारांत मिळते ती याच रीतीची. जुन्या कांचा कांहीं वेळां खालीं जाड असतात म्हणून कांच हळूहळू वाहते, असें सुशिक्षितही सांगतात. तें खरें नव्हे. ती जाडी घडवितांनाच कमीअधिक झालेली असते. अशी जुनी लाटदार किंवा रंगीत कांच अखंड उरली असेल तर तिला जपावें. आपल्या प्रांतानें कांचेसाठीं थोडी खटपट केलेली नाहीं: घराघरांतून एकेक पैसा मागून जमविलेल्या पैसाफंडांतून तळेगांवास १९०८ सालीं कांचेचा कारखाना उभा राहिला होता. असो.

न्हाणीघराचें दार, जिन्याजवळची जागा, किंवा मूल धडकूं शकेल इतकी खालीं असलेली खिडकी येथें साधी कांच बसवूं नये. तेथें कडक केलेली, ज्यास दुकानदार टफन्ड म्हणतात, ती घ्यावी. ती फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. ही कांच एकदां तयार झाल्यावर कापतां येत नाहीं, म्हणून तिचें माप चुकलें कीं ती वायां गेली. साधी कांच दुकानांतूनच कापून आणावी. हिरकणी कांच कापीत नाहीं, वर एक बारीक ओरखडा काढते आणि कांच त्या रेघेवर मोडते. ती रेघ एकाच दमांत, एकाच दाबानें ओढली पाहिजे. ज्याच्या हातास तो सराव आहे त्याच्याकडून तें दोन मिनिटांत होतें. कांच घरीं आणतांना उभी, कडेवर धरून आणावी. मांडीवर आडवी घेऊन रिक्षांत बसूं नये. आणि हातांतून निसटली तर झेलूं नये. हें वाचतांना सोपें वाटतें. हात मात्र आपोआप पुढें जातो, म्हणून आधींच मनाशीं ठरवून ठेवावें.

लांबी घरीं करतां येते, आणि ज्यांना पुरीची कणीक भिजवितां येते त्यांना ती चांगलीच करतां येते. चुनखडीची वस्त्रगाळ पूड पांच भाग आणि जवसाचें तेल एक भाग, वजनानें घ्यावें. तेल थोडें थोडें घालीत घट्ट मळावें; बोटांस चिकटूं लागली तर पूड, भेगा पडूं लागल्या तर तेल. गोळा तेलाच्या फडक्यांत गुंडाळून रात्रभर ठेवावा व सकाळीं पुन्हा मळावा. रंगाच्या दुकानांत भिंतीसाठीं जी पांढरी पुट्टी मिळते ती येथें चालत नाहीं. ती सिमेंटची असते आणि खिडकीची हालचाल तिला सोसत नाहीं. जवसाच्या तेलाविषयीं एक सूचना फार महत्त्वाची आहे. हें तेल वाळतांना उष्णता निर्माण होते, आणि त्यांत भिजलेलीं फडकीं चुरगळून कोंपऱ्यांत टाकलीं तर तीं कोणी काडी न लावतां पेट घेऊं शकतात. फडकीं पाण्यांत बुडवून टाकावीं, किंवा दोरीवर पसरून उघड्यावर पूर्ण वाळूं द्यावीं.

खांच कोरडी व स्वच्छ करून तिला आधीं त्याच तेलाचा किंवा अस्तराच्या रंगाचा हात द्यावा. हा हात चुकविला तर कोरडें लाकूड लांबींतील तेल पिऊन टाकतें आणि वर्षाच्या आंत लांबीचे तुकडे गळूं लागतात; बाजारच्या पुष्कळशा कामांत हाच दोष आढळतो. खांचेंत सर्व बाजूंनीं लांबीची पातळ गादी द्यावी, कांच खालच्या कडेनें बसवून मग वर टेकवावी, आणि कडेकडेनेंच दाबावी. मध्यावर दाबल्यास ती तेथेंच दुभंगते. दर सहा इंचांवर एक बारीक चूक अर्धी आंत जाईल अशी मारावी. हातोडी उचलून न मारतां पटाशीची बाजू कांचेवर आडवी सरकवीत चूक आंत ढकलली तर कांचेस धक्का लागत नाहीं. मग वरून लांबीची वात फिरवून पट्टीच्या सुरीनें उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाहीं. उताराची आंतली कड खांचेच्या कांठापेक्षां वर जाऊं देऊं नये. गेली तर खोलींतून पाहतांना ती दिसत राहते. दोन-तीन आठवड्यांनीं वर साय धरल्यावर रंग द्यावा, आणि रंगाचा कांठ अर्धा सूत कांचेवर येऊं द्यावा. पाणी शिरतें तें कांच आणि लांबी यांच्या सांध्यांतूनच.

परंतु इतके आठवडे पत्र पाठविणाऱ्या भगिनींच्या हातीं नाहींत. त्यांनीं या खेपेस लांबीच्या भानगडींत पडूं नये. खांचेंत पारदर्शक सिलिकोनची बारीक रेघ द्यावी, कांच बसवावी, आणि वरून आधींच रंगवून वाळविलेल्या लाकडी पट्ट्या बारीक चुकांनीं माराव्या. एक-दोन दिवसांत तें पुरतें सुकतें आणि पहिल्या सरीस तोंड देतें. पट्ट्या चारही कोंपऱ्यांत तिरप्या कापून जुळवाव्या लागतात. चार कर्त्या पुरुषांपैकीं एकानें तेवढें करवतीचें काम पत्करावें, अशी आमची सूचना त्यांच्या मंडळींस कळवावी.

चेंडूनें फुटणाऱ्या कांचा सर्वांच्या लक्षांत राहतात. पण कवाड वाऱ्यानें आपटून फुटणाऱ्या तितक्याच असाव्या. नवें तावदान बसविल्यावर कवाडाची आकडी तपासावी. ती सैल असेल तर मळसूत्री खिळा काढून जुन्या भोंकांत आगकाडीचें लाकूड भरावें व खिळा पुन्हा पिळावा. आकडी नसेल तर नवी बसवावी, आणि ती बिजागरीपासून दूर, कवाडाच्या मोकळ्या कडेकडे असावी.