लिस्बनला जाताना

गेल्या जूनमध्ये आम्ही घरची पाच माणसे आठ दिवस पोर्तुगालच्या लिस्बन शहरात राहून आलो. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक तेच तेच विचारतात. खाण्याचे काय केले? नमाज कुठे पढलात? अम्मींना चढ झेपले का? म्हणून या वेळचा मजकूर त्यावरच.

आधी कागदपत्रे. पोर्तुगालला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तो पोहोचलाच पाहिजे. आमचा सल्ला, दोन-अडीच महिने हाती ठेवा. मोठ्यांची फी 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची 45. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो स्वस्त मिळतो म्हणून न वाचता घेऊ नका. वडीलधाऱ्यांच्या जुन्या आजारांना तो लागू आहे का, ते विचारून घ्या.

विमानतळातूनच मेट्रोची लाल लाइन सुटते. तिकिटासाठी अर्ध्या युरोचे 'नाव्हेगांत' कार्ड घ्यायचे आणि त्यात पैसे भरायचे. प्रत्येकाचे कार्ड वेगळे. एकाच कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. अलामेदाला उतरून हिरव्या लाइनने मार्तीं मोनीज गाठले की तुम्ही गावाच्या मध्यात आलात.

हे शहर टेकड्यांवर वसले आहे आणि पायवाटा गुळगुळीत दगडांच्या आहेत. पाऊस पडला की त्या निसरड्या होतात. चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट हवेत. अम्मींना आम्ही 28 नंबरच्या ट्रॅमने वर नेले. ती मार्तीं मोनीजहूनच सुटते, त्यामुळे सकाळी लवकर गेल्यास बसायला जागा मिळते. पाकीटमारांचीही ती आवडती गाडी आहे. पासपोर्ट खोलीवर ठेवा आणि पर्स पोटाशी धरा.

आता खाणे. मार्तीं मोनीजच्या मागच्या बेंफोर्मोझु गल्लीत बांगलादेशी भावांची हलाल दुकाने आणि खानावळी आहेत. तिथे डाळ-भात मिळाल्यावर मुलांची कुरकुर थांबली. इतरत्र मासळी हा सोपा मार्ग. जूनमध्ये गल्लोगल्ली निखाऱ्यावर तार्ल्या भाजतात. मात्र चार शब्द पाठ करून जा. 'पोर्कू' म्हणजे डुकराचे मांस, 'बान्या' म्हणजे त्याची चरबी, 'शोरिसू' हे बहुधा त्याचेच सॉसेज आणि 'व्हीन्यू' म्हणजे दारू. 'काल्दू व्हेर्द' हे हिरव्या भाजीचे सूप निरुपद्रवी दिसते, पण त्यात शोरिसूची चकती घालतात. माशाच्या रश्श्यातही वाइन असू शकते. विचारायला लाजू नका.

एका खानावळीत बसताच समोर पाव, ऑलिव्ह आणि चीज आले. आम्हाला वाटले पाहुणचार! बिलात प्रत्येक बशीचे पैसे लागले होते. तिथे ही रीतच आहे. नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, मग पैसे लागत नाहीत.

नमाजाचे पाहू. भारतात पश्चिमेकडे तोंड करण्याची आपली सवय असते. लिस्बनहून किबला पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेला आहे. पहिल्या रात्री अब्बा सवयीने सूर्य मावळला त्या बाजूलाच उभे राहिले होते. जूनमध्ये जुहर पावणेदोनच्या सुमारास, मगरिब नऊनंतर आणि इशा अकराच्या आसपास होते. लहान मुलांचे वेळापत्रक त्यानुसार आखा. आठ दिवसांचा मुक्काम ठरलेला असल्याने आम्ही शाफई घरातले पूर्ण नमाज पढलो. पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्या हनफी प्रवाशांना कसर आहे. शंका असेल तर निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारा. जुम्यासाठी मध्यवर्ती मशीद आहे. ती 1985 साली सुरू झाली आणि प्रासा द एश्पान्या स्टेशनपासून चालत जाता येते. मोझांबिकहून आलेली गुजराती मूळ असलेली अनेक कुटुंबे या शहरात स्थायिक आहेत. त्यांच्यातल्या एका वृद्ध बाईंनी अम्मींशी हिंदीत गप्पा मारल्या आणि अम्मींचा परकेपणा गेला.

एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही, ती सांगायला हवी. ही हलाल दुकाने ज्या मोहल्ल्यात आहेत त्याचे नाव मौरारिया, म्हणजे मूर मुसलमानांची वस्ती. सुमारे चारशे वर्षे मुसलमानांकडे असलेले हे शहर 1147 साली ख्रिस्ती राजाने जिंकले, आणि मागे राहिलेल्या मुसलमानांना तटाबाहेर ही जागा दिली. 1496 च्या डिसेंबरात राजा मानुएलने त्यांनाही देश सोडण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी त्याच राजाने वास्को द गामाला हिंदुस्थानकडे धाडले.

बेलेंच्या जेरोनिमुश मठात गामाची कबर आहे. पर्यटक तिथे फोटो काढतात. 1502 च्या दुसऱ्या सफरीत याच गामाने मक्केहून परतणारे 'मीरी' जहाज मलबारजवळ अडवले आणि शेकडो यात्रेकरू, बायका-मुलांसह, जाळून मारले. ताफ्यातल्याच तोमे लोपिश नावाच्या पोर्तुगीजाने हे लिहून ठेवले आहे. धाकट्याने विचारले, "शाळेच्या पुस्तकातला वास्को द गामा तो हाच का?" आम्ही तिथेच त्याला सगळे सांगितले आणि त्या यात्रेकरूंसाठी दुआ केली.

पण राग घेऊन आम्ही परतलो नाही. आपण रोज म्हणतो ते बटाटा, चावी, पगार हे शब्द तिथून आले. आणि पोर्तुगीज माणूस 'तसे होवो' या अर्थाने 'ओशाला' म्हणतो, ते अरबीतून गेलेले आहे, आपल्या इन्शाअल्लाहच्या घरातले. हुकमाने माणसे निघून गेली, शब्द राहिले. आणि पाचशे वर्षांनी त्याच मौरारियात पुन्हा कुणीतरी बिस्मिल्लाह म्हणून ताट वाढते.

लिस्बनला जरूर जा. बेलेंसाठी अख्खा दिवस ठेवा, सोमवार मात्र टाळा, कारण मठ त्या दिवशी बंद असतो. मुलांना बरोबर न्या, आणि कबरीपाशी पोहोचण्याआधी त्यांना मीरीची गोष्ट सांगून ठेवा.