‘सर्व्हर डाऊन’ की केंद्रातला कॉम्प्युटरच आजारी? दाखले रखडण्यामागचं दुर्लक्षित कारण

विशेष विश्लेषण

दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्न, रहिवासी, जात, नॉन-क्रीमिलेअर अशा दाखल्यांसाठी सेवा केंद्रांवर रांगा लागतात. त्यापाठोपाठ खरीप पीकविम्याची गर्दी होते. नेमकं याच दिवसांत हमखास ऐकू येतं, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही वेळा बिघाड दूरच्या सर्व्हरमध्ये नसतो, केंद्रातल्या टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूमध्ये असतो.

फरक कसा ओळखायचा?

सर्व्हर डाऊन असेल किंवा नेट गेलं असेल, तर फक्त संकेतस्थळ उघडत नाही. कॉम्प्युटर मात्र चालू राहतो, माऊस हलतो, बाकीची कामं होतात. याउलट फॉर्म भरता भरता कॉम्प्युटरच गोठला, निळा पडदा आला किंवा तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर दोष मशीनमध्ये आहे. निळ्या पडद्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे शब्द दिसले, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. चालू करताना नुसता बीप-बीप आवाज येतो आणि स्क्रीन काळी राहते, हेही रॅमच्या दोषाचं नेहमीचं लक्षण.

रॅम म्हणजे खळं, हार्ड डिस्क म्हणजे कोठार

रॅम आणि हार्ड डिस्क यांची अनेकजण गल्लत करतात. हार्ड डिस्क हे कोठार, तिथे माल साठून राहतो. रॅम हे खळं, तिथे चालू काम पसरलेलं असतं. वीज गेली की खळं रिकामं होतं, म्हणूनच अर्धा भरलेला फॉर्म जातो.

रॅमचे त्रास दोन प्रकारचे. पहिला, खळं लहान. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राऊझरच्या दहा खिडक्या, स्कॅनर, प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र एकदम चाललं की ते रखडतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, की मेमरी किती भरली ते दिसतं. नको त्या खिडक्या बंद केल्या की बराच फरक पडतो.

दुसरा त्रास जास्त घातक, खळ्यालाच भगदाड. रॅमची पट्टी खराब असेल किंवा खाचेत नीट बसली नसेल, तर मशीन कधीही, कुठल्याही कामात बंद पडतं. व्होल्टेजची चढउतार, नसलेलं अर्थिंग, धूळ आणि उन्हाळ्यातली पत्र्याखालची उष्णता या गोष्टी त्यात भर घालतात.

आधी तपासणी, मग खर्च

अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा.’ पण पट्टीच खराब असेल तर फॉरमॅटने काहीच साधत नाही. पैसे जातात आणि चार दिवसांत तेच रडगाणं सुरू होतं.

तपासणी फुकट आहे. विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ टाइप केलं, की कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन स्वतःची रॅम तपासतो. अधिक खात्री हवी असेल तर ‘मेमटेस्ट’ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवतात. यात एक जरी चूक निघाली, तरी त्या मशीनवर भरवसा ठेवू नये.

चूक निघाली म्हणून लगेच पट्टी फेकायचीही गरज नाही. वीज पूर्ण बंद करून, वायर काढून, पट्टी बाहेर काढावी, सोनेरी कड खोडरबरने हलकी पुसावी आणि खट्‌ आवाज येईपर्यंत परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, मग खाच बदलून पाहावी. दोष पट्टीत आहे की मदरबोर्डच्या खाचेत, हे त्यातून कळतं. तपासणीत रॅम निर्दोष निघाली, तर एसएमपीएस, तापणारा प्रोसेसर आणि हार्ड डिस्क यांच्याकडे वळावं.

आत्ताच हे महत्त्वाचं का?

कारण रॅम महागली आहे. जगातली बहुतांश रॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि तिथे नफा जास्त, म्हणून उत्पादन तिकडे वळलं. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशिअल’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोबाईलमध्येही याच कंपन्यांच्या मेमरी चिप असतात, त्यामुळे त्याची झळ फोनच्या किमतीलाही बसते.

त्यातच मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते आणि अनेक जुनी मशीन त्याच्या इतर अटीतही बसत नाहीत. म्हणजे केंद्रचालकापुढे दोन्हीकडून खर्च आहे. अशा वेळी न तपासता नवी रॅम घेणं म्हणजे आजार न ओळखता औषध घेणं. घ्यायचीच असेल तर डीडीआर ३, ४ की ५ हे आधी पाहावं, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. बिल जपून ठेवावं, वॉरंटीत पट्टी बदलून मिळू शकते.

खरा तोटा कुणाचा?

केंद्रचालकाचं एका दिवसाचं काम बुडतं, पण अर्जदाराची मुदतच टळू शकते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यानुसार दाखला ठराविक दिवसांत मिळायला हवा, पण ते दिवस मोजले जातात अर्ज दाखल झाल्यापासून. ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलेल्या माणसाची मोजणी सुरूच होत नाही. मशीन कुणाचंही बिघडो, दिवस त्याचेच जातात.

म्हणून ‘सर्व्हर डाऊन’ ऐकल्यावर त्याच वेळी आपल्या फोनवर ते संकेतस्थळ उघडून पाहावं. फोनवर चालत असेल तर शेजारच्या गावातलं केंद्र गाठावं, किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर स्वतः नोंदणी करून अर्ज भरावा. पैसे भरताना मशीन बंद पडलं असेल, तर आधी खात्यातून रक्कम कापली गेली का ते तपासावं, मगच पुन्हा भरावी. आणि अर्ज क्रमांक असलेली पोचपावती हातात पडल्याशिवाय केंद्र सोडू नये.