व्यवसाय निवडण्याआधी तो पाहा



दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला मी मुलांना विचारतो, "विज्ञान शाखा का घेतलीत?" उत्तरे ठरलेली असतात. टक्के चांगले पडले म्हणून, बाबा म्हणाले म्हणून, मित्राने घेतली म्हणून. पुढे कोण होणार, असे विचारले की फळ्यावर डॉक्टर, इंजिनिअर आणि पोलीस हे तीनच शब्द लिहावे लागतात.

माझे स्वतःचे उत्तर तरी कुठे वेगळे होते? गणितात बरे गुण मिळाले आणि शेजारच्या दादाने विज्ञान घेतले होते, एवढ्यावर मी विज्ञान घेतले. पुढे पदार्थविज्ञान आवडले, हा निव्वळ योगायोग! माझ्या बाकावरच्या मित्राच्या वाट्याला तो आला नाही. त्याच्या शिकवणीसाठी घरच्यांनी एक एकर कोरडवाहू जमीन विकली. तो दोनदा बारावीत नापास झाला. आज तो विहिरींवरच्या मोटारी इतक्या सफाईने रिवाइंडिंग करतो, की तीन तालुक्यांतले शेतकरी त्याच्याकडे येतात. हे कौशल्य पंधराव्या वर्षीही त्याच्या हातात होते; पण त्या हातांना आयटीआयचा रस्ता कोणी दाखवलाच नाही. गेलेले एक एकर आणि चार वर्षे परत आली नाहीत.

म्हणून माझे मत असे, की व्यवसायाची निवड हा शाळेत शिकवण्याचा विषय आहे, आणि तो विज्ञानाच्या पद्धतीने शिकवता येतो: आधी निरीक्षण, मग नोंद, मग अनुमान.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. लोणारच्या सरोवरावर तुम्ही सहलीला गेला असालच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर पाहून तुम्ही डबा खाल्ला आणि परतलात. पण या एका विवरामागे किती जणांचे हात लागले आहेत, याचा कधी विचार केलात का? विवराच्या तळात यंत्राने खोल छिद्रे पाडून खडकांचे नमुने काढले गेले. प्रचंड आघातानेच तयार होणारे काचेसारखे द्रव्य त्यांत सापडले, आणि हे विवर अशनीच्या आघाताने झाले, असा पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला. या कामी भूशास्त्रज्ञ तर होतेच. पण यंत्र चालवणारा, ते बिघडल्यावर दुरुस्त करणारा आणि दगडाची पातळ चकती घासणारा हेही लागलेच असणार.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. वन विभागाने नमुने तपासणीला पाठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांत हॅलोआर्किया हे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आढळले. म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आले, रसायने मोजणारे आले, रोज काठावर फिरणारे वनरक्षक आले. शिवाय दैत्यसूदन मंदिरामुळे पुरातत्त्वज्ञ आणि शिल्पाचे जाणकार आले. मोजा बरे, फळ्यावर आता किती शब्द झाले!

यांतला प्रत्येक जण वेगळ्या दाराने आला. डिझेल यंत्राच्या दुरुस्तीसाठी दहावीनंतर आयटीआय आहे. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतली, तर पुढे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शेतीशास्त्रासाठी १९६९ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ शेजारी अकोल्यालाच आहे. काही दारे मात्र मागे वळल्यावर उघडणे कठीण होते. अकरावीत गणित सोडले तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची वाट अवघड होते, आणि जीवशास्त्र सोडले तर वैद्यकाची. हे निकालानंतरच्या आठ दिवसांत कळून उपयोग काय? ते नववीतच कळायला हवे.

"पण कल चाचणी आहे ना?" असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या मुलांची अशी चाचणी राज्यभर झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलांचा कल पाहिला गेला. चाचणी उपयोगी आहे. पण ती तापमापीसारखी आहे. तापमापी ताप किती ते सांगते, औषध सांगत नाही. शिवाय ज्या मुलाने प्रयोगशाळा कधी पाहिलीच नाही, त्याचा प्रयोगशाळेकडे कल आहे की नाही, हे तो कसे सांगणार?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे काम पाहण्याची कल्पना आहे. ती नववीतही चालू ठेवावी. अभ्यासक्रम पुरा होत नाही, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. मीही शिक्षकच आहे. पण महिन्याला दोन तास दिले तर वर्षाला पंधरा-वीस तास होतात. आणि मोटारीच्या दुकानात मुलींनाही न्यावे, दवाखान्यातली परिचर्या मुलांनाही दाखवावी.

शाळेने काही केले नाही, तरी तुम्ही थांबू नका. येत्या दिवाळीच्या सुट्टीत तीन माणसांना भेटा. त्यांतला एक तरी असा असावा, की ज्याचे काम नेमके काय असते हे तुम्हांला ठाऊक नाही. वहीत चार रकाने आखा: दिवसभर हाताने काय करतात, हे कुठे, किती वर्षांत आणि किती खर्चात शिकले, यांत सर्वांत कंटाळवाणे काय, मला हे रोज करायला आवडेल का? तिसरा रकाना विसरू नका. प्रत्येक कामात कंटाळा असतो. कोणता कंटाळा आपल्याला सोसतो, ते ओळखणे महत्त्वाचे.

आणि उत्तर चुकले तर? लोणारचे वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे आले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. फरक अकरा पटींचा! तरी पहिल्यांदा मोजणाऱ्यांना कोणी मूर्ख म्हटले नाही, कारण त्यांनी काय मोजले आणि कसे मोजले, हे लिहून ठेवले होते. तुमचीही निवड पुढे बदलेल कदाचित. फक्त ती शेजारच्या दादाकडे पाहून केलेली नसावी. तुमच्या वहीत तिची नोंद असावी.